शंभर

सहाच्या बॅचला खारचा स्टुडिओ मीच उघडते.
काल रात्रीचा मोज्यांचा वास, त्यावर निलगिरीचा फवारा,
मग सहा रिफॉर्मर पुसायचे, पट्टे, दांडे, खांद्यांच्या गाद्या,
आणि स्प्रिंगा तपासायच्या, प्रत्येकाला पाच:
तीन लाल, एक निळी, एक पिवळी.
पिवळी सगळ्यात हलकी.
लोक ती बघून खूश होतात.
दोन मिनिटांत पोट थरथरायला लागतं
तेव्हा माझ्याकडे बघतात, मी फसवल्यासारखं.

मिसेस कंपानी दर मंगळवारी मोजे विसरतात
आणि दर मंगळवारी काउंटरवरचे नवे घेतात, साडेचारशेचे.
त्यांच्या घरी एव्हाना एक अख्खा खण भरला असेल.
माझा एका तासाचा दर मोज्यांत सांगायचा तर
एक जोडी, आणि दुसरीतला डावा.

बोलून बोलून घसा जातो, अंग नाही.
बेंबी आत. बरगड्या मिटा, छत्री मिटतो तशा.
मान लांब. जबडा सोडा, झरना, जबडा कशाला उचलतोय वजन?
एकेक मणका टेकवत खाली या,
मणी आहेत ते, ओवलेले, सांडू नका.
श्वास सोडा.
सोडा.
श्वास घ्यायला कुणाला शिकवावं लागत नाही,
सोडायला मात्र पॅकेज घ्यावं लागतं, बारा सेशन्सचं.

गुरुवारी साडेदहाला विजयकर येतात.
खुब्याचं ऑपरेशन झालंय, फी मुलगी भरते सिंगापूरहून.
इस्त्रीची हाफ पँट, खिशात रुमाल, तो आधी गादीवर अंथरतात.
पहिल्याच दिवशी म्हणाले, ‘बाई, मराठीत मोजा.
इंग्रजीत मोजलं की कुणीतरी बिल करतंय असं वाटतं.’

तर आम्ही ‘हंड्रेड’ करतो तो शंभर.
डोकं खाली, गुडघे दुमडून वर, हात पाण्यावर थापटल्यासारखे.
एक, दोन, तीन इथपर्यंत ठीक.
पण ट्वेंटी-नाइन चटकन संपतं
आणि एकोणतीस संपता संपत नाही.
त्रेचाळीस, चव्वेचाळीस, प्रत्येक आकडा तोंडात वळवावा लागतो,
तोवर शेजारच्या रिफॉर्मरवरची कीया कण्हते,
‘मॅम, आर यू काउंटिंग स्लो?’
मी नाही गं, भाषा.

पंचाहत्तर. शहात्तर. सत्त्याहत्तर. अठ्ठ्याहत्तर.
एकोणनव्वद, म्हणाले मी.
सेंट अँजेलाज हायस्कूल, दुसरं काय.
पाय हवेत, कपाळावर घाम, आणि खालून आवाज आला,
‘एकोणऐंशी, बाई.
नव्वदला अजून अवकाश आहे.’
जूनमध्ये त्यांना ऐंशी पूर्ण होतील, फॉर्मवर लिहिलंय.
हात एकदाही थांबले नाहीत त्यांचे.

दुपारी बाराच्याने रात्री अकरा वाजून दहा मिनिटांनी रद्द केलेलं.
नियमाने त्याचे पैसे स्टुडिओला जातात,
मला जातो एक तास.
मागच्या जिन्यात बसून मी डबा खाते, मेथी आणि दीड पोळी,
पाठ भिंतीला न टेकता, सवय,
आणि डाव्या कमरेत ती जुनी कळ
जी मी कुठल्याही क्लायंटला सांगत नाही.
दंतवैद्याच्या दाढा किडू नयेत अशी लोकांची अपेक्षा असते.

सिग्नलला उभी असते तेव्हा माणसं दिसत नाहीत आता.
फोनवर झुकलेल्या माना दिसतात.
भाजीवालीचा उजवा खांदा, चार बोटं वर.
ट्रॅफिक हवालदार, सगळा भार एका पायावर.
हात शिवशिवतात. रिक्षातून उतरून सरळ करावं वाटतं.
हिरवा होतो.

रात्री वाकोल्याला, आई टीव्हीचा आवाज कमी करून विचारते,
‘आज किती?’
‘सात. एक रद्द.’
ती बोटांवर हिशेब करते, ओठ हलवत.
मी फरशीवर आडवी, पोटऱ्या पलंगावर,
छताकडे बघत हळू आवाजात उजळणी करते:
एकोणपन्नास, एकोणसाठ, एकोणसत्तर.
‘पुढं?’ आई म्हणते.
‘थांब,’ मी म्हणते,
‘सोडतेय.’