शेडचा घुमारा

व्हायोलिनं सोळा.
वाजवणारी माणसं मी कधी पाहिली नाहीत.
कुठल्याशा थंड गावातल्या हॉलमध्ये बसून
त्यांनी एकेक स्वर वाजवला, आधी हळू, मग जोरात,
आणि मग घरी गेली असावीत.
ते स्वर आता सिडकोत, दुसऱ्या मजल्यावर,
कूलरच्या वाऱ्यात ठेवलेल्या माझ्या हार्ड डिस्कमध्ये.

पितळी वाद्यं दुसऱ्या कंपनीची.
कोरडी ठणठणीत,
कुणी कानाशी येऊन उधारी मागावी तशी.
बासऱ्या तिसऱ्याच खोलीतल्या,
मागची भिंत इतकी जवळ
की फुंकर परत येऊन सुरावरच आपटते.
आणि व्हायोलिनांनी त्यांचा हॉल अंगाला माखूनच आणलेला,
पुसता पुसत नाही.

सगळ्यांवर सारखाच रिव्हर्ब ओतला
तर पिठल्यात पाणी जास्त झालं.
मग त्या घुमाऱ्यातलं अडीचशेच्या खालचं कापलं.
व्हायोलिनांना थेंबभर, ट्रम्पेटांना पळीभर,
मूळ सूर आणि पहिला पडसाद यांच्यामध्ये
तीस मिलिसेकंद मोकळे सोडले;
तेवढ्यात पापणी अर्धीही मिटत नाही.
कॅथीड्रल लावून पाहिलं, एक लाकडी नाट्यगृहही.
चांगलं होतं.
कुणाचंच नव्हतं.

पांडवलेण्यात एकदा टाळी वाजवून पाहिली होती,
रखवालदारानं हाकललं.
सातपूरची शेड मात्र आपलीच.
दादांच्या तिन्ही प्रेस मार्चमध्ये विकल्या,
भाडेकरू अजून यायचाय.
शालिमारहून डझनभर मोठे फुगे आणले.
रेकॉर्डर उभा केला, अगदी मधोमध नाही, जरा दाराकडे,
जिथे फरशीवर ऑइलचा काळा चौकोन अजून आहे.
दादा म्हणाले, मी फोडतो.
टाचणी धरून उभे राहिले,
मशीन बसवताना नारळ घेऊन उभे राहायचे तसे.

फट्.
पत्रा, पलीकडची भिंत, पुन्हा पत्रा,
कबुतरं,
आणि शेवटी पातळ होत गेलेलं काहीतरी.
आमच्या गाण्याच्या बाई याला आस म्हणायच्या.
ती संपली कधी, कळलं नाही.
ट्रान्सफॉर्मर उडाला म्हणून पुंजाराम वॉचमन धावत आला.
त्याला नातीसाठी दोन फुगे दिले.
दादांचा डावा कान प्रेसनं नेलाय, उजवा अर्धा.
ते विचारत होते, वाजला का?

रात्री सोळाही जणांना सातपूरला आणलं.
ऑइलच्या चौकोनाभोवती खुर्च्या मांडल्या,
ट्रम्पेटं मागे, स्क्रॅपचा ढीग असायचा तिथे.
दोन पूर्णांक एक सेकंद.
बासरीवाला थांबला
आणि चेलोनं त्याची वाट पाहिली, असं वाटलं.

हेडफोन दादांच्या उजव्या कानाला लावला.
त्यांनी डोळे वगैरे मिटले नाहीत,
पंख्याकडे बघत राहिले.
चेलो खाली उतरला तेव्हा म्हणाले,
"दाराकडून तिसरा पत्रा सैल आहे.
हुक बदला म्हणून दोनदा सांगितलं होतं खैरनारला."

पुन्हा ऐकलं.
चारशेच्या आसपास एक बारीक थरथर.
होती खरी.
काढता येते; एवढीशी खाच पाडली की झालं.

सकाळी नाटकवाल्यांचा फोन:
छान झालंय, फक्त रिव्हर्ब जरा कमी कर.
किती?
जरा.
एक डेसिबल कमी केला.
पत्रा तसाच.