कुटाडुक्ता

वॅगा वॅगाहून पत्र आलंय.
गावाचं नाव दोनदा लिहिलंय, चूक नसावी.
छावणी मंडळ, जन्ममृत्यू विभाग, देवळाली;
म्हणजे माझंच टेबल.
कुणी आयलीन बाई विचारतात:
आमचे चुलत पणजोबा, कॅप्टन लेनर्ड प्रेंटिस, डॉक्टर,
सोळा ते एकोणीस तुमच्याकडे होते.
मरणाआधी महिनाभर एकच नाव घेत,
नर्सचं मनगट धरून.
कुटाडुक्ता.
प्रेंटिसबाई ते ऐकून खोलीबाहेर गेल्या
आणि नंतर कधी त्याविषयी बोलल्या नाहीत.
अशा कुणा बाईची नोंद सापडेल का?

दोनदा वाचलं.
तिसऱ्यांदा मोठ्यानं वाचलं, तेव्हा कळलं.
शेजारच्या टेबलावरच्या गायधनीनं विचारलं, काय हो?

बाई, सतरा सालचं बाड वाळवीनं मधोमध खाल्लंय.
पण आमच्या घरात एक गोष्ट आहे, तिला शिक्का नाही.

माझे पणजोबा गेनू पाळदे, संसरीचे,
इस्पितळात डोली उचलायचे, महिना नऊ रुपये.
रात्री अडीचला गाडी लागायची,
बसऱ्याची माणसं मुंबईच्या धक्क्यावरून थेट इथं.
पट्टी सोडली की आधी वाळू पडायची.
तुमचे डॉक्टर कंदील धरून फलाटावर.
गोऱ्यांच्या डब्यात त्यांचं निभायचं.
मागच्या डब्यात नगरचे, साताऱ्याचे शिपाई;
त्यांना विचारायचं काय?
गेनूनं खांद्यावर डोली असतानाच शिकवलं:
साहेब, म्हणा, कुठं दुखतं.

ठ काही त्यांच्या जिभेला वळला नाही.

प्रश्न यायचा, उत्तर कळायचं नाही.
माणसं भडाभडा सांगायची,
घरची, बैलाची, सुभेदाराची,
आणि ते फक्त बोटाकडे बघायचे.
बोट जाईल तिथं हात.
एकाचा पाय मांडीपासून नव्हता.
त्यानं सपाट चादरीवर बोट टेकलं.
डॉक्टरांनी तिथंच हात ठेवला,
गुडघा असता तिथं,
आणि बराच वेळ उचलला नाही.
हे सांगताना गेनू स्वतःचा गुडघा धरायचा म्हणे.

अठराच्या तापात छावणीचं फाटक बंद.
हे सायकल काढून दारणेच्या अंगानं संसरीत,
परवानगी होती की नव्हती, देव जाणे.
दारोदार तेच दोन शब्द.
एका ओट्यावर एक बाप बसलेला.
तीन दिवसांत घरातली चार माणसं गेलेली.
विचारलं, तर त्याचं बोट उठेना.
डॉक्टर उभे राहिले.
दुसरा प्रश्न त्यांना येत नव्हता.
मग त्याच्याशेजारी बसले,
अंधार पडेपर्यंत.

आमच्या गावाच्या नावावरून
इंग्रजीत वेडाला शब्द झाला, असं ऐकतो.
बोटीची वाट बघून बघून गोऱ्यांची डोकी फिरायची.
तो शब्द सगळे घेऊन गेले.
तुमच्या डॉक्टरांनी दुसरा नेला.

उत्तर लिहायला चार दिवस लागले.
साहेब म्हणाले, चौकशी नोंदीची आहे,
नोंद नाही एवढंच कळवा.
तसं कळवलं, जावक क्रमांक घालून.
आणि घरी बसून दुसरं लिहिलं,
तिकिटं माझ्या पैशानं:

बाई, ते नाव नाही.
इथं आईसुद्धा पडलेल्या पोराला तेच विचारते.
प्रेंटिसबाईंना हे आता कळवता येणार नाही.
त्या नर्सनं तेव्हा
स्वतःच्या अंगावर कुठंही बोट ठेवलं असतं,
तरी भागलं असतं.