शेततळं

बाबा काम संपवून हात धुतात,
ते पाणी मोरीत जात नाही. बादलीत साठतं.
फरशीवरचा केर, फाटकी गंजी, कानस पुसलेली चिंधी,
सगळं पोत्यात.
दिवाळीआधी झारेकरी येतो, कचऱ्याचा भाव करतो.
सुभाष चौकात आमच्या केराला किंमत आहे.
आम्हाला खोली मिळायला मात्र तीन महिने लागले:
मासे शिजवता ना तुम्ही?

शेवटी फिरकेमावशींनी दिली.
म्हणाल्या, शिजवा बाई,
पन खिडकी तिकडली उघडजा.

त्यांच्या हर्षालीच्या लग्नातला पोहेहार बाबांच्या हातचा.
साडेसहा तोळे, बावीस रात्री.
आई गेली तशीच,
हातात शंखाची एक, तांबडी एक, लोखंडाची एक.
वरण-बट्टीच्या पंगतीत यावलच्या आत्याबाईंनी
त्या लोखंडावर बोट ठेवलं:
सोन्याचं काम करतो ना गं तुझा नवरा?

आईचं मराठी तेव्हा भाजीबाजारापुरतं.
म्हणाली, आमचा तळं आहे गावी.
आत्याबाई वळल्या, पहिल्यांदाच नीट.
केवढं? कागद टाकला का प्लास्टिकचा?
अनुदान आलं?

आई हसली. तिला काहीच कळलं नव्हतं.
मला कळलं, आणि मी सांगितलं नाही
की त्यात रोहू आहेत, बदकं आहेत,
पायरीवर काकीची राखेची वाटी आहे,
आणि चार भावांत आमचा वाटा चार आणे.

तिकडे दासपूरला आम्ही जळगाववाले.
पूजेची वर्गणी दुप्पट.
काकी विचारते, रोज मासे खात असाल.
मी खरं सांगून टाकते: महिन्यातून दोनदा.
कळण्याची भाकरी, भरीत, मला तेच आवडतं.
ती गप्प होते
आणि स्वतःच्या ताटातलं माशाचं डोकं
माझ्या भातावर ठेवते.

यंदा कॉलेजसाठी उत्पन्नाचा दाखला काढायला गेले.
तलाठीआप्पा वर न बघता विचारत होते.
शेती?
नाही.
घर?
भाड्याचं.
सोनं?
रोज असतं, म्हटलं.
संध्याकाळी वजन करून, घट वजा करून परत देतात.

त्यांनी लिहिलं, निरंक.
खाली बाबांची सही होती, बंगालीत.
ती त्यांनी जरा लांब धरून पाहिली, मग तिरकी करून,
आणि अर्ध्या सहीवर शिक्का मारला.