अकरावा पत्रा

वावधान येऊन गेलं त्याला चार दिवस झाले.
पाळीवरचे मोह अजून आडवेच,
मुळं वर, मातीसकट.
शेळ्या शेंड्यांवर चरतायत, जन्मात पहिल्यांदा.

माझ्याकडे छापील नमुना, तीन प्रती, मध्ये कार्बन.
घरे: पूर्णतः, अंशतः.
डोंगे, नग.
जाळी, किलोत.
जाळं किलोत मोजतात हे मला नोकरीने शिकवलं,
गाठींत मोजतात हे बोडीटोल्याच्या बायांनी.

पस्तीस घरं ढिवरांची.
कुठलं दार कुणाचं, ते तिसऱ्या दिवशी
सगळी दारं शाळेपुढे मांडून ठरलं.
भोजराज मारबतेचा डोंगा पाळ ओलांडून
बांधीत पालथा पडलेला,
पाठ शेकत बसलेल्या म्हाताऱ्यासारखा.
लिहिलं: डोंगा एक. तडा, अडीच हात.

दुरपता म्हणाली, घरं झाली, आता तलाव लिवा.
म्हटलं, तलाव फुटलेला नाही, बाई. आणि त्याला रकाना नाही.
फुटला नाई एवढंच पाहिलं तुमी.
खालचं कोन पाहीन?

मी अकोल्याकडचा. मला पोहता येत नाही.
विहिरीत वाकतानासुद्धा कठडा धरतो.
डोंग्यात बसलो, फाईल डोक्यावर.
तिने काष्टा खोचला, एक श्वास घेतला
आणि तिच्यावर पाणी मिटलं.

मी मोजू लागलो. सवय.
एक्केचाळीसला डोकं वर,
मुठीत चिखल. फळीवर ठेवला.
अशा सहा जागा, सहा मुठी.
मग एकेक हुंगत गेली,
मी सातबारा वाचतो तितक्या सहज.

इथं गाद होती. उपटली.
इथं चिला. वरतून लाल माती बसली, बोटभर.
नाल्याच्या तोंडचं देवधान गेलं,
बदकं कायले येतीन आता.
चौरा आहे. दमला आहे, पण आहे.

सहाव्या मुठीला वासच नव्हता.
ती दोनदा हुंगली
आणि काही न बोलता हात धुतला.
मी नमुना उलटून पाहिला. मागची बाजू कोरी होती.
तिथे लिहिलं: गाद, चिला, देवधान.
पुढे नग लिहायचे की किलो, कळेना.

सातव्यांदा गेली ती न सांगता.
पन्नास. साठ. वल्हं घट्ट धरलं,
त्याचा मला काहीच उपयोग नव्हता.
वर आली ती हसतच, हिरड्यांसकट.
बाबू, माहा पत्रा सापडला!

तिच्या छपराचे पत्रे अकरा.
दहा आणले होते पोरांनी,
कुठे बांबूच्या रांजीतून, कुठे स्मशानाच्या शेडवरून.
अकरावा तळाशी, तिरपा रुतलेला,
आणि त्याच्या आडोशाला मरळाची जोडी,
हलायला तयार नाई, म्हणाली.
माह्यावरच धावली.

दोर आहे, काढू या, मी म्हटलं.
राहू द्या.
मग लिहू काय? सापडला लिहिलं
तर एका पत्र्याची मदत कटेल.
हरवला लिहिलं तर मी खोटा.
ती पदर पिळत होती, पाणी माझ्या बुटांवर.
हरवला कुठं? देला ना.

दिला असा रकाना नाही.
पत्रे अकरा, प्राप्त दहा, लिहून
मी पेनाला टोपण लावलं.

चार पंचांनी सह्या केल्या.
पाचवी ती. दिवसभराच्या पाण्याने
अंगठा सुरकुतलेला, चिखल नखात,
शाई वाट फुटेल तशी पसरली.

बाराव्या दिवशी तालुक्याहून कागद परत.
गादीबद्दल काही नाही, देवधानाबद्दल नाही,
पत्र्याबद्दलसुद्धा नाही. लाल शाईत शेरा:
पंच क्र. ५, अंगठा अस्पष्ट. पुन्हा घ्यावा.

मी गेलो. पाळीखाली तिच्या चपला होत्या,
एकीचा पट्टा तारेने बांधलेला.
तलावावर कुणीच नव्हतं.
शाईचा डबा खाली ठेवला
आणि मोजू लागलो.