दुधाचा ओटा

ध्रुववृत्ताच्या जरा वर, आमच्या गावात एकोणीस माणसं,
आणि नाचणारं कुणी नाही, असं आम्ही तिला सांगितलं.
इल्टा हसली नाही. वहीत काही लिहिलंही नाही.
म्हणाली, मग दुधाचा कॅन कसा उचलायचात ते दाखवा.

नदीच्या वळणावर, रस्त्याकडेला
लाकडी ओटा आहे, ट्रकच्या फळीएवढ्या उंचीचा.
डेअरीची गाडी बंद झाली त्याला चाळीस वर्षं झाली.
गाई गेल्या, मग शाळा, मग बँकेची खिडकी.
ओटा राहिला,
कारण पाडायलासुद्धा कुणीतरी लागतं.

सिल्वीनं आधी एप्रनला हात पुसले,
एप्रन तिनं घातलंच नव्हतं.
मग गुडघ्यांत वाकली, पाठ ताठ,
आणि चाळीस लिटर रिकामी हवा
उचलून ओट्यावर ठेवली.
आम्हाला कॅनचा आवाज ऐकू आला. शपथ.

पुन्हा, इल्टा म्हणाली. सावकाश.

काउकोच्या पायांत अजून ओंडके होते, नदीत सोडलेले:
पायाखालचं लाकूड फिरतंय
हे घोट्यांना आधी कळतं, माणसाला नंतर.
मार्तानं गवत वाळत घालणारे हात दिले.
मी हिवाळ्यात बर्फ सारायचा ट्रक चालवतो.
मला मान वळवून मागे बघता येतं,
तेवढंच घेतलं तिनं माझ्याकडून.
डास इतके, की अर्धा नाच त्यांनीच बसवला.

फक्त ताइस्तो आला नाही.
पोटासाठी केलं ते आता फुकट करून दाखवू?
असं म्हणाला आणि दार लावून घेतलं.
गावातला शेवटचा कॅन त्याच्याच गोठ्यातून गेला होता.
कुणी वाद घातला नाही.

जुलैत, रात्री अकराला, लख्ख उन्हात
नाचायला उभे राहिलो तेव्हा लक्षात आलं,
सगळं गाव ओट्याभोवती आहे
आणि बघायला माणूस नाही.
अनुदानाच्या ऑफिसातली बाई रस्ता चुकली होती.
दोन रेनडिअर आले, थांबले, कंटाळून गेले.
मग वरच्या वळणावरून ताइस्तो,
डावा पाय ओढत,
स्वयंपाकघरातली खुर्ची डोक्यावर घेऊन.
रस्त्याच्या मधोमध मांडली. बसला.
टोपी काढली नाही, टाळ्या वाजवल्या नाहीत.
संपल्यावर खुर्ची उचलून
आमचे सगळे प्रेक्षक घरी गेले.

इल्टा ऑगस्टमध्ये दक्षिणेला परतली.
एक पत्र आलं. त्यात खर्चाचा हिशेब होता
आणि आमच्याच कुरणातली गवताची काडी.

आता डिसेंबर. सूर्य गावात येत नाही,
दुपारी टेकडीमागे जरा उजळून जातो.
पहाटे पाचला, ट्रकच्या दिव्यांत
ओट्यावरच्या ताज्या बर्फात पावलं दिसली.
चार पुढे. वळण. एका गुडघ्याचा खोल खळगा,
तिथं वजन पेललं असणार.
परत चार.
आणि प्रत्येक डाव्या पावलामागे
एक लांब ओरखडा.

दुकानात मी कुणाला काही बोललो नाही.
त्या वळणावर फक्त ट्रकचं पातं फिरवलं,
उडणारा बर्फ नदीकडे जावा, ओट्यावर पडू नये म्हणून.
मान वळवून मागे पाहिलं.

नंतर आभाळातून दिवसभर पडला, तो पडलाच.