दोनशे तास

एइबारच्या अरुंद दरीत, कारखान्याच्या मागच्या खोलीत
चार बोल्ट ओढून धरलेत,
मानेशी खाच पाडून,
तुटतील त्याच्या पाऊणपट ओझ्याखाली.
दोनशे तास टिकले तर सगळा माल पवनचक्क्यांकडे जाईल.
नाहीतर भंगारात.
मी गार्बिन्ये. माझं काम ऐकत बसणं.

वरून पाहाल तर दृष्ट लागावी असे.
जस्ताचा मुलामा, निळसर झाक,
भिंगाखाली धरा, आटे मोजा,
खोट सापडणार नाही.
पण आम्लात गंज धुताना,
टाकीत वीज सोडताना
हायड्रोजन आत शिरतो.
सगळ्यात लहान अणू. त्याला दार लागत नाही.
कुठेतरी पाणी मुरतंय म्हणतात ना,
ते इथे अक्षरशः.
आत जातो आणि जिथे ताण असेल
नेमका तिकडे सरकत राहतो,
भांडणाचा वास लागलेल्या शेजाऱ्यासारखा.

उपाय साधा आहे, हसाल.
टाकीतून काढले की चार तासांच्या आत भट्टीत.
दोनशे अंशांवर रात्रभर
बाळंतिणीसारखे शेकायचे.
शिरलेला निमूट निघून जातो, आल्या वाटेने.
उशीर झाला, आत बारीक चीर पडली,
की मग कितीही शेका.

एउस्तासियो, आमचा जुना मुकादम,
खिळा वाकवून दाखवायचा:
"हा मऊ. हा आधी सांगतो, मग जातो.
कडक असतो त्याची भीती बाळग, पोरी.
तो हसत हसत तुटतो."

एकशे एकाहत्तराव्या तासाला
कुणी बोट मोडावं तेवढा आवाज झाला.
पहाटेचे तीन. डोंगरावर धुकं.
तिसरा बोल्ट.
मान बारीक झाली नव्हती, ताणली नव्हती,
सरळ दोन.
तुटलेलं तोंड सूक्ष्मदर्शकाखाली धरलं:
खडीसाखर फुटावी तसे कण,
एकेक सुटा, एकेक चकाकता.

वही काढली. उनाशची पाळी.
टाकी सव्वादहा, भट्टी दोनला दहा कमी.
सुवाच्य अक्षर. इतकं सुवाच्य तो कधी लिहीत नाही.
मग भट्टीचा कागद उलगडला,
ज्यावर सुई स्वतः लिहिते, कुणाला न विचारता.
तापमान चढायला लागलं
ते पहाटे चार वाजून वीस मिनिटांनी.

सकाळी तो आला. मी दोन्ही कागद पुढे ठेवले, बोलले नाही.
तो टोपी काढून उभा राहिला.
"मेंदारोच्या दवाखान्यातून फोन आला होता," म्हणाला,
"मुलगी झाली.
वाटलं, दोन तासांनी काय होतंय."

काय होतंय.
शिडीवर कुणीतरी चढलेला असेल, समुद्राच्या वाऱ्यात,
तीन आठवड्यांनी, की तीन वर्षांनी.
हे मी त्याला सांगितलं नाही. त्याला माहीत होतं.

चार हजार बोल्ट भंगारात गेले.
मालक माझ्यावर ओरडला, मग हिशेबावर.
मी वहीतली वेळ खोडली,
खरी लिहिली, शेजारी सही,
आणि सहीखाली उनाशने स्वतःची केली,
या वेळी नेहमीच्या गिचमिड अक्षरात.

टाकीपाशी आता एक घड्याळ आहे, चार तासांना कर्कश वाजणारं.
सगळे त्याला शिव्या देतात.
उनाश सोडून. तो भट्टीचं दार उघडतो
आणि तळहात धरून बघतो
आत पुरेसं गरम आहे का.