चौदा सेकंद

टेलिव्हिजनच्या त्या इमारतीत, पॅरिसच्या ईशान्येला,
तिसऱ्या मजल्यावर मी फिती कापायचे.
हातांत पांढरे सुती मोजे, गळ्यात दोरीला कात्री,
आणि शेजारी अस्तर लावलेली टोपली.
तिच्यात लोंबत असायची
नको असलेली माणसं.

अठ्ठावन्नच्या उन्हाळ्यात कॅमेरा मिठागरांवर गेला,
पश्चिमेला, जिथे समुद्र कालव्यांतून
पाय न वाजवता आत येतो.
परत आले अकरा डबे. दाखवायची सव्वीस मिनिटं.
उरलेल्याचा हिशेब कुणी मागत नसे.

दिग्दर्शक वेर्दिए पाठीमागे सिगारेट ओढत उभे.
फितीजवळ ओढू नये हे फक्त त्यांनाच माहीत नव्हतं.
वारा ठेव, म्हणाले. दाताळं ठेव. म्हातारा चांगलाय.
म्हाताऱ्याला, ॲन्सेल्म कावालॅंला,
मिठाचा एकच ढीग चारदा ओढायला लावला होता.
चौथ्यांदा तोंडावर जो वैताग आला
त्याला निवेदकाने भरल्या आवाजात म्हटलं,
पिढ्यान्‌पिढ्यांचे कष्ट.

मग त्याची बायको.
डोक्यावर मिठाची लाकडी पाटी, अनवाणी,
बांधावरून येते, थांबते,
आणि सरळ भिंगात बघते.
चौदा सेकंद. साडेतीनशे चित्रं.
करत काहीच नाही.
पाटीतून एक ओघळ कानामागे उतरतो,
तोही पुसत नाही.

कॅमेऱ्यात बघतेय. काढ.
मी काढलं.
कात्रीचा आवाज केवढा, तर नख कापल्याएवढा.

फेब्रुवारीत पत्र आलं, शाळेतल्या जांभळ्या शाईत.

बाई, आमच्या शाळेत गावाने वर्गणी काढून संच घेतलाय.
बसायला खुर्च्या आपापल्या घरून.
मी चारदा दिसलो. लोक हसले, चांगलं हसले.
फिलोमेनने इस्त्रीची पांढरी टोपी घातली होती,
नुसतं बघायला जायचं तरी.
ती आली नाही पडद्यावर.
काही बोलली नाही. खुर्ची डोक्यावर घेतली नि घरी आली.
जानेवारीत वारली.
फोटो एकच, लग्नातला, त्यात ती हलली.
तुमच्याकडे काही उरलं असेल
तर.

तळघरात गास्पारने वही उघडून दाखवली.
कतरण किलोवर जाते, म्हणाला.
आधी चांदी काढून घेतात,
उरल्याचे कंगवे होतात म्हणे.
त्या आठवड्यात मी केस बोटांनीच विंचरले.

पण आवाज तेव्हा वेगळ्या फितीवर असे.
कपाटामागे एक रीळ सापडलं. वर माझंच अक्षर:
वारा, मिठागर, तीन.
कानांवर यंत्र चढवलं.
वारा. एक पाखरू. दूर लोखंडावर लोखंड.
मग अगदी जवळ
ओझ्याखालचा श्वास, आत, बाहेर, आत,
आणि एक बाई, जरा घोगरी,
वाट बघून कंटाळलेली:
झालं का? बरं. येते मग मी.
चिखलात पावलं.
पुन्हा वारा.

रेडिओवाल्या पोराला दोन बाटल्या देऊन
तबकडी कापून घेतली, पेंढ्यात गुंडाळून पाठवली.
गावात ग्रामोफोन फक्त पाद्रीबाबांकडे.

त्याचं उत्तर दोन ओळींचं.
वारा पूर्वेचा होता. त्या दिवशी मीठ छान धरलं होतं.
तिच्याबद्दल अक्षर नाही.
सोबत कापडी पुरचुंडी, राखाडी, ओलसर, जाड मीठ.

ते मी जपून वगैरे ठेवलं नाही.
कांद्याच्या सूपात, उकडलेल्या बटाट्यांवर,
ईस्टरपर्यंत संपवलं.

पुढे अठरा वर्षं त्याच खुर्चीत.
कोळसेवाले, दीपगृहवाले, घंटा ओतणारे, एक आंधळा मधपाळ.
कुणी भिंगात बघितलं की वेर्दिए म्हणायचे, काढ.
मी म्हणायचे, हो,
आणि कात्री पाच-सहा चित्रं उशिरा लावायचे.
घरी बसून बघणाऱ्याला कळणारही नाही एवढं.
खाल्ल्या मिठाला
तेवढंच जागता आलं.